अर्थ बरोबर, शब्द चुकीचा: इंग्रजी शब्दांच्या भावछटा

काही वर्षांपूर्वी एका तरुण सहकाऱ्यासाठी मी इंग्रजीत शिफारसपत्र लिहिलं. मुलगा गुणी, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मराठीत मी त्याला बिनदिक्कत 'साध्या मनाचा' म्हटलं असतं, म्हणून पत्रात 'सिंपल-माइंडेड' लिहिलं. पत्र धाडण्याआधी ते एका ज्येष्ठ सहकारी बाईंना दाखवलं. त्या वाक्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, हे असं गेलं तर त्याला कुणी दारातही उभं करणार नाही." इंग्रजीत 'सिंपल-माइंडेड' म्हणजे अल्पबुद्धीचा, गुंतागुंतीचं काही समजण्याची कुवत नसलेला. 'सिंपल' म्हणजे साधा आणि 'माइंड' म्हणजे मन, इथवर माझं काही चुकलं नव्हतं. तरीही ज्याचं भलं करायला बसले होते त्याचा अपमान झाला असता.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. आपण इंग्रजी शिकतो ते अर्थ पाठ करत. अमुक शब्द म्हणजे तमुक. पण शब्दाबरोबर एक भावनाही येते. ती शब्दकोशातल्या पहिल्या ओळीत नसते आणि शाळेतही ती वेगळी काढून कुणी शिकवत नाही. इंग्रजीच्या अभ्यासात या दोन थरांना 'डिनोटेशन' आणि 'कॉनोटेशन' म्हणतात. डिनोटेशन म्हणजे वाच्यार्थ, शब्द ज्या वस्तूकडे किंवा गुणाकडे बोट दाखवतो तो. कॉनोटेशन म्हणजे त्या बोट दाखवण्यातला सूर. तो कौतुकाचा असेल, तुच्छतेचा, मायेचा, भीतीचा किंवा निव्वळ कोरडा. याला मी भावछटा म्हणेन.

मराठीत हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. 'जेवलास का?' आणि 'गिळलंस का?' या दोन प्रश्नांत विचारलेली माहिती एकच आहे. उत्तरही एकच, हो किंवा नाही. पण दुसरा प्रश्न ऐकून ताटावरून कुणी उठून गेलं तर आपल्याला नवल वाटत नाही. खाणं, जेवणं, हादडणं, गिळणं या शब्दांमधलं अंतर आपण आईच्या आवाजातून शिकलो. इंग्रजीतलं तसं अंतर मात्र आपल्याला डोळसपणे शिकावं लागतं, कारण त्या भाषेत आपल्यावर कुणी लहानपणी रागावलेलं नसतं.

आता इंग्रजीकडे येऊ. एक माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या अंगावर मांस कमी आहे. त्याला 'थिन' म्हटलं तर ते नुसतं वर्णन झालं, जवळजवळ बिनरंगी. 'स्लिम' म्हटलं की कौतुक. 'स्लेंडर'मध्ये कौतुकाबरोबर डौल येतो आणि थोडा पुस्तकी वासही. 'लीन' म्हटलं की व्यायामाने घडलेलं, चपळ शरीर दिसतं. 'स्किनी' म्हणताना नाक किंचित मुरडलेलं असतं. 'स्क्रॉनी'त कीव आणि हेटाळणी दोन्ही आहेत, तो आपला हडकुळा. 'गॉन्ट' म्हटलं की आजार, उपासमार किंवा मोठं दुःख डोळ्यांपुढे येतं. वजनकाटा या सगळ्यांसाठी एकच आकडा दाखवेल. बदलते ती बोलणाऱ्याची त्या माणसाकडे पाहण्याची नजर.

म्हणून 'समानार्थी शब्द' ही कल्पना मला नेहमी थोडी फसवी वाटते. शब्दांच्या याद्या देणाऱ्या कोशात 'थ्रिफ्टी', 'फ्रूगल', 'स्टिंजी' आणि 'चीप' शेजारी शेजारी सापडतात. पहिले दोन काटकसरी माणसाचे, उरलेले दोन चिक्कू माणसाचे. त्यातही 'चीप'ची गंमत अशी की वस्तूला लावला तर तो 'स्वस्त' आणि 'हलक्या दर्जाचा' यांच्यामध्ये झुलतो. एखाद्याने कौतुकाने दाखवलेल्या वस्तूला 'चीप' म्हणणं त्याला लागतं. तिथे 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणतात, ज्यात किंमत कमी होते पण वस्तूची पत कमी होत नाही.

हा सगळा मामला मोघम वाटतो, पण तो मोजूनही पाहिला गेला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड आणि त्याचे दोन सहकारी, जॉर्ज सूसी आणि पर्सी टॅननबॉम, यांनी १९५७ साली आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. ती तशी साधी आहे. लोकांना एक शब्द द्यायचा आणि विरुद्ध विशेषणांच्या जोड्या द्यायच्या: चांगलं आणि वाईट, बळकट आणि दुबळं, चपळ आणि मंद. दोन टोकांच्या मध्ये सात पायऱ्या. दिलेला शब्द कुठल्या पायरीवर बसतो ते लोकांनी खूण करून सांगायचं. अशा असंख्य खुणांचं गणित मांडल्यावर दिसलं की शब्दांच्या भावनिक रंगातला मोठा हिस्सा तीनच दिशांनी सांगता येतो. शब्द किती चांगला किंवा वाईट वाटतो, त्यात किती जोर वाटतो आणि त्यात किती हालचाल वाटते. पुढे अनेक भाषांमध्येही याच तीन दिशा सापडल्या.

यातलं मला सर्वात उपयोगी वाटतं ते हे, की भावछटा म्हणजे फक्त 'चांगला शब्द' आणि 'वाईट शब्द' नव्हे. 'अनॉइड' आणि 'फ्यूरियस' दोन्ही रागाचेच, दोन्ही अप्रिय, पण पहिल्यात बळ नाही आणि दुसरा उसळलेला आहे. 'काम' (calm, म्हणजे शांत) आणि 'डल' दोन्ही संथ, पण एक हवासा, एक नकोसा. शब्द निवडताना दिशेबरोबर जोरही जुळावा लागतो. किरकोळ उशिराबद्दल 'आय अ‍ॅम फ्यूरियस' असं लिहिणारा माणूस व्याकरणात कुठेही चुकलेला नसतो.

तत्त्वज्ञांनाही हा प्रश्न पडला होता. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे याने १९१८ सालच्या एका निबंधात घोड्यासाठीचे चार जर्मन शब्द घेतले, साध्या घोड्यापासून उमद्या अश्वापर्यंत आणि मरतुकड्या तट्टापर्यंत. वाक्यात यातला कुठलाही शब्द घातला तरी विचार बदलत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. वाक्य खरं की खोटं एवढंच ठरवायचं असेल तर ते पटतं. पण माणसं एकमेकांशी फक्त खरं-खोटं ठरवायला बोलत नाहीत. बर्ट्रांड रसेलने हे १९४८ साली बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात फार नेमकं दाखवलं. क्रियापद चालवतात तसं त्याने एकच गुण तीन पुरुषांत चालवून दाखवला: मी 'फर्म', तू 'ऑब्स्टिनेट', तो 'पिग-हेडेड' मूर्ख. मराठीत म्हणायचं तर मी ठाम, तू हट्टी आणि तो अडेलतट्टू. गुण एकच आहे, तो कुणाचा आहे त्यावर शब्द ठरला. वर्तमानपत्रातला एखादा इंग्रजी मजकूर वाचताना ही युक्ती वापरून पाहा. लेखक कुणाच्या बाजूचा आहे हे त्याच्या मुद्द्यांआधी त्याच्या विशेषणांतून कळतं.

रंग येतो कुठून?

इंग्रजीच्या बाबतीत याचं एक मोठं उत्तर इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच राहिली. शेतावर आणि घरात जुनी इंग्रजी, दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच, चर्चमध्ये आणि विद्येत लॅटिन. त्यामुळे एकाच गोष्टीला दोन-दोन, तीन-तीन शब्द साठले. विचारण्यासाठी 'आस्क' हा घरचा शब्द, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनमधून घेतलेला. राजेशाही थाटासाठी 'किंगली', 'रॉयल', 'रीगल'. घरचा शब्द बहुधा आखूड, उबदार, मोकळा वाटतो. फ्रेंच शब्द जरा नीटनेटका. लॅटिन शब्द दूरचा आणि अधिकाराचा. 'हार्टी वेलकम' आणि 'कॉर्डियल रिसेप्शन' यांचा वाच्यार्थ जवळजवळ सारखा, दोन्हींच्या पोटात हृदयच आहे. पण पहिल्यात कुणीतरी मिठी मारतं, दुसऱ्यात हस्तांदोलन होतं.

आपल्याला हे ओळखीचं वाटावं. पाणी आणि जल, डोळे आणि नेत्र यांतही असंच अंतर आहे. म्हणून इंग्रजी लिहिताना जड शब्द घातला की लेखन भारदस्त होतं, हा समज मला घातक वाटतो. सांत्वनाच्या पत्रात 'हेल्प'ऐवजी 'असिस्टन्स' लिहिला की पत्र कार्यालयातून आल्यासारखं वाटतं.

मूळ सगळं ठरवत नाही, हेही खरं. 'हाउस' आणि 'होम' दोन्ही अस्सल इंग्रजी. तरी 'हाउस' म्हणजे भिंती आणि छप्पर, आणि 'होम' म्हणजे जिथे आपण आपले असतो ती जागा. अमेरिकेत घरं विकणारे दलाल जाहिरातीत आवर्जून 'होम' लिहितात ते उगाच नव्हे.

दुसरं उत्तर असं की रंग काळाबरोबर बदलतो. 'सिली' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'सुखी, धन्य' अशा अर्थाचा होता. तो निष्पाप, मग बिचारा, मग भोळा असा घसरत आजच्या 'खुळा'पर्यंत आला. 'नाइस' उलट वाटेने वर चढला. त्याचं लॅटिन मूळ 'अजाण' अशा अर्थाचं, आणि इंग्रजीत तो आला तेव्हा 'मूर्ख' म्हणूनच आला. 'व्हिलन' हा मुळात जमीनदाराच्या शेतावरचा कष्टकरी, आणि आज लबाड माणसाला लावला जाणारा 'नेव्ह' म्हणजे मुळात नुसता मुलगा. शेतकरी, नोकर, गरीब यांचे शब्द खाली घसरतात आणि सरदारांचे तितके घसरत नाहीत. त्यात समाजाची उतरंड स्पष्ट दिसते.

बायकांच्या वाट्याला आलेले शब्द पाहा. 'मास्टर' आजही मालक किंवा निष्णात, त्याची जोडीदार 'मिस्ट्रेस' मात्र विवाहित पुरुषाची चोरटी प्रेयसी होऊन बसली. 'बॅचलर'मध्ये मोकळेपणाची झुळूक आहे. 'स्पिन्स्टर', म्हणजे मुळात सूत कातणारी, हिच्यात मात्र वाळलेपणा आणि हेटाळणी भरली गेली. दोन्हींचा वाच्यार्थ एकच, अविवाहित. इंग्लंड आणि वेल्समधल्या विवाहनोंदणीतून हे दोन्ही शब्द २००५ साली गेले आणि तिथे 'सिंगल' आला. मला हा बदल योग्य वाटतो. सरकारी कागदाला फक्त वाच्यार्थ हवा असतो, आणि 'स्पिन्स्टर' तेवढ्यावर थांबत नव्हता.

पण नवा शब्द आणला म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. 'इडियट', 'इंबेसील' आणि 'मोरॉन' हे एकेकाळी वैद्यकातले वर्ग होते. 'मोरॉन' हा शब्द तर १९१० साली हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने ग्रीकमधून मुद्दाम घडवला. तिन्ही शब्द शिव्या झाले. मग 'रिटार्डेड' आला, तोही शाळेच्या मैदानावर शिवी झाला, आणि २०१० साली अमेरिकेने कायदा करून केंद्रीय कायद्यांतून 'मेंटल रिटार्डेशन' हे शब्द काढून 'इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी' हे शब्द घातले. समाजाच्या मनात तिरस्कार शिल्लक असेल तर तो नव्या शब्दालाही काही वर्षांत चिकटतो. तरीही शब्द बदलणाऱ्यांना मी मोडीत काढणार नाही. ज्याच्यावर तो शब्द रोज फेकला जातो, त्याला तेवढी काही वर्षंही मोलाची असतात.

एका क्रियापदाने काय होतं

भावछटा म्हणजे नुसती सजावट, असं कुणी म्हटलं की मला एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ सालचा प्रयोग आठवतो. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि नंतर विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा त्यांचा वेग साधारण किती होता? प्रश्न सगळ्यांना तोच, फक्त 'आदळल्या'च्या जागचं क्रियापद गटागटाला वेगळं. 'स्मॅश्ड' हा शब्द ऐकणाऱ्यांचा सरासरी अंदाज ताशी ४०.८ मैल आला. 'कोलायडेड' ऐकणाऱ्यांचा ३९.३, 'बम्प्ड'ला ३८.१, 'हिट'ला ३४ आणि 'कॉन्टॅक्टेड', म्हणजे नुसत्या टेकल्या, याला ३१.८.

दुसऱ्या प्रयोगात त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. दीडशे विद्यार्थ्यांना अपघाताची चित्रफीत दाखवली. पन्नास जणांना 'स्मॅश्ड' वापरून वेग विचारला, पन्नास जणांना 'हिट' वापरून, उरलेल्यांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना बोलावून विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. 'स्मॅश्ड' ऐकलेल्या पन्नासांपैकी १६ जण 'हो, पाहिली' म्हणाले. 'हिट' ऐकलेल्यांपैकी ७ आणि काहीच न विचारलेल्यांपैकी ६. 'स्मॅश' या शब्दात चक्काचूर होण्याचा जो आवाज आहे, तो आठवणीत शिरला आणि तिथे काच फोडून आला. साक्षीदाराला प्रश्न कुठल्या शब्दांत विचारावा, याकडे त्यानंतर फार गंभीरपणे पाहिलं जाऊ लागलं.

शब्दाची ही ताकद ओळखून नावंही बदलली गेली आहेत. रुग्णालयातल्या ज्या तपासणीला आपण एमआरआय म्हणतो, तिच्या नावात पूर्वी 'न्यूक्लिअर' हा शब्दही होता. तिथे त्याचा अर्थ अणूच्या केंद्रकाशी संबंधित एवढाच, किरणोत्साराशी त्याचा संबंध नाही. पण 'न्यूक्लिअर' म्हटलं की बॉम्ब डोळ्यांसमोर येतो, आणि आजारी माणसाला आधीच भीती पुरेशी असते. तो शब्द गळला. दक्षिणेकडच्या थंड समुद्रातल्या 'पॅटागोनियन टूथफिश' या माशाला एका अमेरिकन व्यापाऱ्याने १९७७ साली 'चिलीयन सी बास' म्हणायला सुरुवात केली. मासा बास जातीचा नाही. मात्र नव्या नावाने तो इतका खपला की पुढे त्याच्या बेसुमार मासेमारीची चिंता उभी राहिली.

शब्दाची संगत

इथवरचे शब्द ठळक होते. खरी अडचण दबक्या पावलांनी येणाऱ्या शब्दांची. 'कॉज' हे क्रियापद घ्या, म्हणजे 'कारणीभूत होणं'. शब्दकोशाने पाहिलं तर अगदी तटस्थ. पण संगणकावर साठवलेला इंग्रजीचा प्रचंड मजकूर चाळला, की 'कॉज'च्या पुढे येणारे शब्द दिसतात ते असे: प्रॉब्लेम, डॅमेज, डेथ, पेन, कन्सर्न. चांगल्या गोष्टी 'कॉज' होताना क्वचितच दिसतात. म्हणून 'युअर व्हिजिट कॉज्ड अस ग्रेट हॅपीनेस' हे वाक्य इंग्रज कानाला खटकतं, आणि का खटकलं ते त्यालाही पटकन सांगता येत नाही. तिथे 'ब्रॉट' किंवा 'गेव्ह' हवं. बिल लाउ या भाषाभ्यासकाने १९९३ साली या प्रकाराबद्दल लिहिताना 'सिमँटिक प्रॉसडी' हे नाव रुजवलं. शब्द ज्यांच्या संगतीत वर्षानुवर्षं राहतो त्यांचा वास त्याला लागतो, इतकाच त्याचा आशय.

मराठीतलं 'ओढवणं' आठवा. संकट ओढवतं, आपत्ती ओढवते, आनंद कधी ओढवत नाही. 'लाभणं' याच्या उलट. हे नियम आपल्याला कुणी सांगितले नाहीत, पण आपण ते मोडत नाही. इंग्रजीत 'सेट इन' हे जवळपास आपलं 'ओढवणं' आहे. कुजणं 'सेट इन' होतं, निराशा 'सेट इन' होते.

यावर उपाय एकच मला ठाऊक आहे. शब्द एकटा उचलायचा नाही, शेजाऱ्यांसकट उचलायचा. नवा इंग्रजी शब्द वापरण्याआधी त्याची पाच-सहा खरी वाक्यं वाचायची आणि त्याच्या आजूबाजूला कोण बसलंय ते पाहायचं. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी कोशांत अर्थाच्या अलीकडे तिरप्या अक्षरात 'अप्रूव्हिंग', 'डिसअप्रूव्हिंग', 'ऑफेन्सिव्ह', 'फॉर्मल' अशा खुणा असतात. आपण त्या ओलांडून थेट अर्थाकडे जातो. 'चाइल्डिश'पाशी 'डिसअप्रूव्हिंग'ची खूण दिसली की कळतं, हा पोरकटपणा आहे. बालसुलभ निरागसपणासाठी 'चाइल्डलाइक' वेगळा आहे. शिवाय इंग्रजी एक नाही. 'होमली' हा ब्रिटनमध्ये घरगुती उबेचा शब्द, अमेरिकेत माणसाला लावला तर 'दिसायला सामान्य'. 'स्कीम' ब्रिटनमध्ये साधी योजना, अमेरिकेत त्यात कटाचा वास.

एक फरक इथे सांगून ठेवते. आपल्या शाळेतल्या व्याकरणात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती असतात आणि पुष्कळजण कॉनोटेशन म्हणजे व्यंजनाच समजतात. दोन्ही जवळचे आहेत, पण एक नाहीत. 'दिवे लागले' या साध्या वाक्यातून 'आता निघायला हवं' असं सुचवणं ही व्यंजना. ती प्रसंगातून उगवते आणि प्रसंगाबरोबर जाते. 'स्क्रॉनी'तली हेटाळणी मात्र शब्द जिथे जाईल तिथे बरोबर जाते. आणि ती सगळ्यांची असते. एखाद्याला 'हॉस्पिटल' शब्दाने बाळाचा जन्म आठवेल, दुसऱ्याला वडिलांचा शेवट. त्या ज्याच्या त्याच्या आठवणी, शब्दाची भावछटा नव्हे.

त्या पत्राचं पुढे असं झालं. बाईंनी आणि मी 'साध्या मनाचा' यासाठी शब्द शोधायला घेतले. 'इनोसंट' लिहिला तर त्याच्यावर कधीतरी आरोप झाला होता की काय असं वाटलं असतं. 'नाईव्ह'मध्ये जगाची समज नसल्याचा ठपका होता. 'गाइललेस' म्हणजे मनात कपट नसलेला, अर्थाने फार जवळचा, पण इतका पुस्तकी की नोकरीच्या पत्रात परका दिसला असता. शेवटी लिहिलं 'स्ट्रेटफॉरवर्ड अँड अनअझ्युमिंग', सरळ आणि बडेजाव नसलेला. एका शब्दाचे दोन करावे लागले, आणि 'साध्या मनाचा' म्हणताना आपल्या आवाजात जी माया येते ती त्या दोघांतही नव्हती. ती बाईंनी पुढच्या वाक्यात आणली: 'पीपल आर ग्लॅड व्हेन ही वॉक्स इन.'